कॅन्युला तिसऱ्या दिवशी काढायचीच का? वॉर्डात नव्याने लागलेल्यांसाठी

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ठाण्यातलं एक हॉस्पिटल, फीमेल मेडिसिन वॉर्ड, सकाळची ड्यूटी. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी न्यूमोनियासाठी ॲडमिट होत्या, दिवसातून तीनदा आयव्ही, म्हणजे शिरेतून, अँटिबायोटिक चालू होतं. कॅन्युला म्हणजे औषधासाठी शिरेत घातलेली बारीक नळी. तिच्यावरच्या पट्टीवर तारीख-वेळ होती, मोजली तर ७२ तास भरलेले. कॅन्युला सुरळीत चालू होती, लाली नाही, सूज नाही, दुखणं नाही. पण शिकवलं होतं तसं मी ती काढली आणि नवी लावायला बसले. पहिली शीर फुटली. दुसरी सापडलीच नाही. शेवटी सीनिअर सिस्टरना बोलावलं, त्यांनाही दोनदा टोचावं लागलं. आजी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं पोरी, चांगली चालली होती की ती. मग काढलीस कशाला?"

तीन दिवस झाले म्हणून काढली, याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दर वर्षी नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी करून नव्या मुली आणि मुलं ठाणे, कळवा, वाशी, नेरूळच्या हॉस्पिटलांत लागतात. कोणी लातूरहून येतं, कोणी नांदेडहून, ऐरोलीत चौघींत एक खोली घेऊन राहतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे प्रश्न तेच: कॉलेजात एक सांगितलं, इथे दुसरंच करतात, आणि विचारलं तर "इथे असंच असतं" असं ऐकायला मिळतं. अशा वेळी काय करायचं, ते माझ्या पद्धतीने सांगते. बहुतेक शंकांच्या तळाशी एकच पेच असतो, असं मला आता वाटतं. हे काम घड्याळ बघून करायचं, की पेशंट बघून?

आधी शंका लिहा, मग तिचा प्रश्न करा

ॲप्रनच्या खिशात छोटी डायरी ठेवा. राउंड चालू असताना वाद घालायला वेळ नसतो आणि घालूही नये. शंका आली की दोन शब्द खरडा, ड्यूटी संपल्यावर तिचा नीट प्रश्न करा. "कॅन्युलाची काळजी कशी घ्यावी?" हा प्रश्न शोधायला निरुपयोगी, त्याला हजार उत्तरं मिळतील. त्याऐवजी चार गोष्टी ठरवा: पेशंट कोणता, आपण काय करतो, त्याऐवजी काय करता येईल, आणि फरक नेमका कशात पडायला हवा. कॉलेजात याला पिको म्हणून शिकवतात आणि परीक्षेनंतर आपण विसरतो. माझ्या आजींचा प्रश्न असा होईल: मोठ्या माणसाच्या हातातली कॅन्युला ठरलेल्या ७२ ते ९६ तासांनी बदलली किंवा काही बिघाड दिसल्यावरच बदलली, तर शीर सुजण्यात आणि रक्तात जंतुसंसर्ग होण्यात फरक पडतो का?

एवढा नेमका प्रश्न झाला की निम्मं काम झालं.

शोधायचं कुठे

सुरुवात आपल्याच वॉर्डातल्या कपाटापासून. इन्फेक्शन कंट्रोलची फाइल प्रत्येक हॉस्पिटलात असते, बहुतेक ठिकाणी ती एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाचं) इन्स्पेक्शन आलं की बाहेर निघते. ती वाचा. पुष्कळदा "इथे असंच असतं" म्हणून जे सांगितलं जातं, ते त्या फाइलमध्ये नसतंच!

मग जागतिक आरोग्य संघटनेची किंवा त्या-त्या विषयातल्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं. मग कॉक्रेन. ही संस्था १९९३ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून, त्यातल्या कच्च्या बाजूला काढून, उरलेल्यांचा एकत्रित निष्कर्ष काय निघतो ते ती सांगते. तिचे साध्या भाषेतले सारांश मोबाइलवर फुकट वाचता येतात. इंग्रजीची भीती असेल तरी वाचा, दोनच पानं असतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी सुटली की वाशी येईपर्यंत एक सारांश दोनदा वाचून होतो, बसायला मिळालं तर. एकेकटे अभ्यास सगळ्यांत शेवटी बघायचे, पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीवर. व्हॉट्सॲपवर आलेलं पोस्टर, यूट्यूबवरचे सर, चॅटबॉटने दिलेलं उत्तर, हे सगळं फार तर पत्ता सांगतं. घर आपणच जाऊन बघायचं.

वाचताना विचारा: हे कोणाच्या पेशंटवर झालं?

कॅन्युलाचा प्रश्न शेवटपर्यंत नेते, म्हणजे पद्धत कळेल.

२०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली चाचणी छापून आली. ३,२८३ पेशंट. निम्म्यांची कॅन्युला ठरलेल्या वेळी बदलली, निम्म्यांची गरज पडली तेव्हाच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, ७ टक्के. कॉक्रेनने पुढे अशा चाचण्या एकत्र केल्या, तरी ठळक फरक निघाला नाही. म्हणजे चालू असलेली, स्वच्छ, न दुखणारी कॅन्युला निव्वळ तारखेवरून काढली तर पेशंटचं वाचत काहीच नाही, वाढतं ते टोचणं. आजींचं म्हणणं बरोबर होतं.

इथे थांबलात तर अर्धंच वाचलंत. जिनिव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलांनी हाच बदल सगळ्या वॉर्डांत केला. २०२१ साली त्यांनी चार लाखांहून जास्त कॅन्युलांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की "गरज पडेल तेव्हा बदला" हा नियम आल्यावर कॅन्युलामुळे होणारा रक्तातला संसर्ग वाढला होता. आकडा एकूणात छोटाच, पण वाढ स्पष्ट होती. ते परत ठरलेल्या वेळी बदलण्याकडे वळले.

मग खरं कोणाचं? क्वीन्सलँडच्या चाचणीत रोज कोणीतरी मुद्दाम येऊन कॅन्युलाची जागा बघत होतं. रोजच्या धावपळीत तेवढं बघणं होत नाही. "गरज पडेल तेव्हा" या शब्दांत असं गृहीत आहे की गरज पडली, हे कोणाच्या तरी लक्षात येईल.

आता आपल्या वॉर्डात या. जूनची दमट दुपार, पंखा फिरतोय, पेशंटचा हात घामाने चिकट. पारदर्शक ड्रेसिंग संपलंय, म्हणून कॅन्युला आडव्या-उभ्या मायक्रोपोरने (कागदी चिकटपट्टीने) गुंडाळलेली, वर बँडेज. आत लाली आहे की पू, देवाला ठाऊक. अशा पट्टीखाली "लक्षणं दिसेपर्यंत ठेवू" म्हणणं म्हणजे झाकण न उघडता दूध उतू जातंय का ते बघणं. जागा दिसत असेल आणि प्रत्येक शिफ्टला बघितली जात असेल, तर डोळ्यांवर चाला. नसेल, तर घड्याळ बरं.

बघायचं कसं, तेही सांगते. औषध देण्याआधी प्रत्येक वेळी बोटाने शिरेच्या मार्गावर हलकं दाबा आणि विचारा, "इथे दुखतंय का?" शिरेची सूज मोजायची व्हिप स्कोअर नावाची ० ते ५ ची पट्टी आहे, नर्सिंग स्टेशनला चिकटवून ठेवा. किंचित दुखणं किंवा किंचित लाली म्हणजे १, लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन गोष्टी दिसल्या की २, आणि २ म्हणजे कॅन्युला काढायची, मग ती काल रात्रीच लावलेली का असेना. रात्री सुरू झालेलं दुखणं सकाळच्या राउंडपर्यंत थांबवू नका. कॅज्युअल्टीत किंवा ॲम्ब्युलन्समध्ये घाईत, हात नीट न धुता लावलेली कॅन्युला मात्र ४८ तासांच्या आत बदला, तिला हा सगळा विचार लागू नाही. आणि औषध आयव्हीचं गोळीवर आलं असेल, तर रिकामी कॅन्युला "असू दे, लागली तर" म्हणून ठेवू नका.

इन्चार्जना सांगायचं कसं

नव्याने आलेल्यांची गाडी बहुतेकदा इथे अडते. वाचलेलं डोक्यात फिरत असतं आणि हँडओव्हरच्या वेळी दहा जणांसमोर तोंडातून निघतं, "मॅडम, हे चुकीचं आहे." पुढचे सहा महिने तुम्ही नाइटला.

आमच्या वॉर्डातल्या एका मुलीने हे फार छान केलं होतं. दुपारी काम उरकल्यावर ती इन्चार्ज सिस्टरांकडे गेली.

"सिस्टर, एक विचारू? आपल्या फाइलमध्ये कॅन्युलाची जागा प्रत्येक शिफ्टला बघून लिहायची असं आहे. आपल्या चार्टवर त्याला रकानाच नाही."

"रकाना वाढवला तर भरणार कोण?"

"माझ्या सहा बेडचं मी आठवडाभर भरते. तुम्ही बघा, मग ठरवा."

इन्चार्जनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भर."

नियम बदला असं ती म्हणालीच नाही. आधी मोजायची परवानगी मागितली, तीही स्वतःच्या बेडपुरती. आठवड्याच्या कागदावर तीन सुजलेल्या शिरा वेळेत सापडलेल्या दिसल्या आणि पारदर्शक ड्रेसिंगचा इंडेंट (स्टोअरकडची मागणी) वाढला. हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल आपल्या मनाने कधीही मोडायचा नाही. तो बदलायचा असेल तर कागद घेऊन इन्चार्ज, मग इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर, मग कमिटी, हाच रस्ता.

आता बाकीच्या नेहमीच्या शंका

"रात्री १२ नंतर पाणीसुद्धा नाही." उद्या ऑपरेशन असलेल्या प्रत्येकाला आपण हे सांगतो आणि त्याचा नंबर लागतो दुपारी तीनला. पंधरा तास घसा कोरडा. अमेरिकेतली भूलतज्ज्ञांची संघटना १९९९ पासून सांगते आहे की नेहमीच्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी हलकं खाणं ६ तास बंद आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधीपर्यंत चालतात. आपल्याकडची मेख चहात आहे. बिनदुधाचा चहा स्वच्छ द्रवात मोडतो, दुधाचा चहा मोडत नाही, त्याला खाण्यासारखे ६ तास लागतात. आणि नातेवाईक पाजतात तो दुधाचाच, तोही "नुसता चहाच दिला हो सिस्टर" असं म्हणत. तेव्हा "काही खाल्लं का?" असं न विचारता "चहा, दूध, बिस्किट, काय काय आणि किती वाजता?" असं विचारा. हा निर्णय मात्र तुमचा नाही. आतडं अडलेलं असेल, पोट सावकाश रिकामं होत असेल, तातडीचं ऑपरेशन असेल, तर हे तास लागू पडत नाहीत. तुमचं काम आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञांना फोन लावण्याचं: "सर, बेड १४ लिस्टवर चौथ्या नंबरला आहेत, डायबेटिक आहेत, पाणी किती वाजेपर्यंत देऊ?" उत्तर मिळालं की बेडच्या पाटीवर वेळ लिहा, "एनबीएम" (तोंडाने काही नाही) एवढंच लिहू नका.

राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात अन्न द्यायची नळी. पन्नास मिलीच्या सिरिंजने हवा मारायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की फीड सुरू. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. ट्यूब फुप्फुसात असली तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. त्यामुळे ब्रिटनच्या पेशंट-सुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच ही पद्धत बंद करायला सांगितली. त्याऐवजी ट्यूबमधून आतलं थोडं पाणी ओढून पीएच (आम्लता मोजणाऱ्या) पट्टीवर टाकायचं, १ ते ५.५ च्या दरम्यान आलं तर ट्यूब पोटात. साधा निळा लिटमस चालत नाही. पण आपल्या वॉर्डात कोणाला पॅन्टोप्राझोल चालू नसतं? ॲसिड कमी झालं की पीएच चढतो आणि पट्टी काहीच ठरवू देत नाही. तेव्हा एक्स-रे, आणि तो डॉक्टरांनी बघून लिहून दिल्यावरच फीड. ट्यूब नाकपुडीशी किती सेंटिमीटरवर आहे ते पहिल्या दिवशी लिहा आणि प्रत्येक फीडच्या आधी जुळवा. खोकला किंवा उलटी झाल्यावर तर नक्कीच. पट्ट्या हॉस्पिटलात नसतील तर मागणी लेखी करा. पट्टी नाही म्हणून हवा मारून ठरवलं, असं होऊ देऊ नका.

बॅक केअर, म्हणजे झोपून असलेल्या पेशंटच्या पाठीची काळजी. स्पिरिट लावून, पावडर टाकून हाडाच्या जागी जोरात चोळायचं, हे आपल्याला प्रॅक्टिकलला मार्क देऊन शिकवलंय. बेडसोरवरच्या (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांवरच्या) २०१९ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनुसार ज्या जागी धोका आहे तिथे चोळायचं नाही, आतली नाजूक झालेली ऊतकं त्याने आणखी दुखावतात. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह आणि माकडहाडाखाली रबरी रिंग, दोन्ही बाद. टाच हवेत राहील अशी उशी पोटरीखाली लांबीने सरकवा. लाल डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर वेळ आहे. पांढरा पडलाच नाही, तर बेडसोर सुरू झाला आहे, लिहा आणि सांगा.

कूस किती तासांनी बदलायची? इथे परत घड्याळ. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमांत दोन, तीन आणि चार तासांची तुलना झाली आणि फरक आढळला नाही. पण ती माणसं चांगल्या दाट फोमच्या गाद्यांवर होती. आपली गादी रेक्झिनची, मधोमध खड्डा पडलेली. चार तासांचा निष्कर्ष तिच्यावर आणू नका. आमच्याकडे मी दोन तासच धरते, आणि मावशींना मदतीला घेऊन ओढत नेण्याऐवजी चादरीने उचलून कूस बदलते.

ऑपरेशनआधी केस काढणं: रेझर नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलंय, केस शक्यतो काढूच नका आणि काढावेच लागले तर क्लिपरने. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात.

लहान मुलाला ताप आला की गार पाण्याच्या पट्ट्या: मूल कुडकुडायला लागतं, आणि कुडकुडण्याने अंगात आणखी उष्णता तयार होते. ब्रिटनची 'नाइस' ही संस्था मुलांच्या तापासाठी अंग पुसून काढायचा सल्ला देत नाही. मूल किरकिरं, अस्वस्थ असेल तर डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल, कपडे बेताचे, पाणी पाजत राहणं. उष्माघात वेगळा, तिथे अंग लगेच थंड करावंच लागतं.

इन्सुलिनला संशोधन लागत नाही, गणित लागतं. आपल्याकडे १ मिलीत ४० युनिटची बाटलीही मिळते आणि १०० युनिटचीही. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने "१०" पर्यंत ओढलंत, तर पेशंटला २५ युनिट गेले. उलट केलंत तर फक्त ४. दिव्याखाली बाटली धरा, आकडा मोठ्याने वाचा, शेजारच्या सिस्टरला दाखवा, मग टोचा.

जिथे घड्याळच खरं

टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट उघडून बघा. वॉर्डातल्या तीसच्या तीस पेशंटचा श्वास मिनिटाला २०. मोजला कोणी? मिनिटभर थांबायला वेळ नाही म्हणून डोळ्यांनी अंदाज करतो, आणि हा एकच आकडा असा आहे जो बाकी सगळं बिघडायच्या आधी हलतो. नाडीवर हात ठेवून, पेशंटला न सांगता, पूर्ण ६० सेकंद छाती बघा. पेशंट बिघडतोय का ते ओळखायला ब्रिटनमध्ये वापरतात त्या न्यूज-२ पट्टीवर २५ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे एकट्याला ३ गुण, आणि ३ गुण म्हणजे डॉक्टरांना आत्ता बोलवा.

रक्ताची पिशवी: ब्लड बँकेच्या फ्रीजमधून निघाल्यापासून अर्ध्या तासात चालू, चार तासांत संपलेली. पहिली १५ मिनिटं बेडजवळून हलायचं नाही. सोबत फक्त नॉर्मल सलाइन.

आणि सुई टोचली तर. नव्या मुलींत हे सगळ्यांत जास्त लपवलं जातं, "टोपण लावताना टोचली" हे सांगायची लाज वाटते म्हणून. टोपण परत लावायचंच नाही, सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच इन्चार्जना किंवा रात्र असेल तर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत, आणि मग २८ दिवस. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का आणि अँटिबॉडी किती आहेत, हे ड्यूटीवर रुजू व्हायच्या आठवड्यातच तपासून डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहाटे तीन वाजता ते शोधत बसायला लागू नये.